थार की डिझायर ते नंतर ठरवा, आधी स्टेपनी बघा

मिरजेहून तुम्ही चौघे जुलैत येणार, गोवा एक्सप्रेसने मडगावला उतरून भाड्याची गाडी घेणार आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहून रात्री बेडूक-सापांची 'कॅमेऱ्याने शिकार' करणार. प्रश्न एवढाच की थार घ्यावी की डिझायर. तुमच्या पोस्टखाली उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी डोळे झाकून थार सांगितली आहे. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याने मला थांबवलं: "एजन्सीवाला म्हणाला, टायरबियरचं काही झालं तर आम्ही बघून घेऊ." अगदी हेच मलाही ऐकवलं होतं, म्हणून लांबलचक लिहितो.

आधी सांगून ठेवतो, मी गाड्यांतला जाणकार नाही आणि वकील तर नाहीच. राहतो गोव्यातच, साखळीला, घरी स्कूटर. पुण्याहून मावसभाऊ वगैरे मंडळी आली की भाड्याची गाडी घ्यायची आणि चालवायची मी, असा शिरस्ता आहे. गाडीचे फोटो काढा, लायसन्स जवळ ठेवा, हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

अशाच एका पावसाळ्यात किनाऱ्याकडच्या एका एजन्सीची छोटी एसयूव्ही घेतली होती. बाहेरून चकाचक. सत्तरीतल्या वाळपईच्या पुढे गावात जाणारा डांबरी रस्ता, समोरून कदंबची, म्हणजे इथल्या एसटीची, बस. बसला वाट द्यायला डावी चाकं गवतात उतरवली. गवताखाली फुटक्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, धार होती, तिने टायरची बगल चिरली. हे कुणाचंही होऊ शकतं, त्याबद्दल तक्रार नाही. डिकी उघडली तर स्टेपनी होती, पण बोटाने दाबली तरी आत जात होती. जॅक होता, त्याचा दांडा नव्हता. पाना होता, तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. फोनला रेंज नाही म्हणून चढ चढून वर गेलो, तेव्हा कुठे कचेरीशी बोलणं झालं.

पहिल्यांदा उत्तर मिळालं, साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्यांदा, गाडी ऑफरोड का नेलीत? मी म्हटलं, अहो, डांबरी रस्ता आहे, ह्यावर बस चालते. त्यावर, "तसं कसं, टायर बगलेत फाटलाय म्हणजे ऑफरोडच." वाळपईचा पंक्चरवाला स्कूटरवर हवेचा पंप घेऊन यायला तयार होता. ते सांगितलं तर म्हणाले, बाहेरच्या माणसाने हात लावला तर डिपॉझिट विसरा, आमचा माणूस येईल. तो माणूस किनाऱ्यावरून निघणार होता. निघाला का म्हणून विचारलं की "निघतोय". मुलं गाडीत, पाऊस बाहेर, काळोख पडला तरी "निघतोयच". आला तेव्हा रात्रीची जेवणं कधीच होऊन गेली होती. त्याने दुसरं चाक बसवलं, जुनं टाकलं आपल्या गाडीत आणि गेला.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर हिशेब: नवा टायर, रिमला पोचा, त्या माणसाची फेरी आणि वर गाडी 'उभी राहिल्याचं' भाडं. विमा आहे ना, विचारलं. तेव्हा कागद उलटा करून दाखवला. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत: टायर, रिम, काच, क्लच आणि गाडीचं पोट विम्यात येत नाही. मग फाटका टायर तरी दाखवा म्हटलं, तर तो गेला भंगारात. एका रात्रीत! बिल मागितलं तर व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणाले, ते अजून यायचं आहे. मावसभावाने रस्त्यावर काढलेल्या फोटोत टायरवरचे आकडे दिसत होते, त्यावरून तो टायर आधीच म्हातारा होता हे घरी आल्यावर कळलं. पण तोवर डिपॉझिट त्यांच्या खिशात.

म्हणून माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या: गाडीचं मॉडेल हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न. पहिला, कागद. दुसरा, टायर. ताबा घेताना डिकी रिकामी करायला लावा, स्टेपनीत हवा भरलेली बघा, जॅक, दांडा आणि पाना हातात घेऊन पाना खरंच चाकाच्या नटावर बसवून बघा. गाडी द्यायला आलेला पोरगा कंटाळेल, कंटाळू दे. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला, ओल्या घाटात तो धरणार नाही. पाचही टायरांचे फोटो त्या आकड्यांसकट काढा. आणि गाडी द्यायला आलेल्या पोराकडून नव्हे, मालकाकडून दोन गोष्टी लेखी घ्या, मेसेज चालेल: पंक्चर जवळच्या माणसाकडे काढलं तर चालेल, आणि टायरचे पैसे भरावे लागले तर जुना टायर तुम्हाला मिळेल. एवढं लिहून द्यायला जो का-कू करतो त्याची गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. शक्यतो फोंडा-साखळीकडचा माणूस बघा. भाव थोडा जास्त सांगेल, पण त्याचा मेकॅनिक तासाभरात पोचतो.

नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी स्वस्तात देणारे पुष्कळ भेटतील, वर "पोलिसांनी विचारलं तर मित्राची म्हणून सांगा" असंही शिकवतील. खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करून हात वर करते. चोर्ला घाटात जाणार असाल तर आणखी एक: तिथे गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिन्ही एकमेकांना खेटून आहेत. हद्दीपलीकडे गाडी नेण्याचं परमिट आहे का ते आधी विचारा, नाहीतर बेडूक कर्नाटकात आणि तुम्ही चेकपोस्टवर.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. थार उंच आहे, जमिनीपासून सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास; डिझायर १६३. फरक मोठा आहे, खोटं कशाला बोलू. पण २०२३ पासून थारची फक्त मागची दोन चाकं ओढणारी गाडीही मिळते, भाड्याला तीही असते, तेव्हा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, गृहीत धरू नका. आणि तीन दारांच्या थारमध्ये चार माणसं, चार बॅगा, ट्रायपॉड? मागच्या दोघांनी दर थांब्याला पुढची सीट पाडून उतरायचं, तोवर साप निघून जातो. सत्तरीतले गावात जाणारे रस्ते बहुतेक डांबरी आहेत. अरुंद, वळणावळणाचे, कडा तुटलेले. तिथे उंचीपेक्षा गाडीची रुंदी जास्त नडते, कारण बस समोर आली की मागे तुम्हालाच यायचंय. चौघांसाठी मी जुनी बोलेरो किंवा कुठलीही उंच हॅचबॅक घेईन. डिझायरही चालेल, फक्त यजमानांना फोन करून शेवटचा तुकडा कसा आहे ते विचारा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थार असो वा रणगाडा, घालायची नाही. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की ते इंजिन जातं आणि साध्या विम्यात ते बसत नाही.

वायपरचं रबर आणि काचेवरची वाफ घालवणारा झोत चालू करून बघा. उन्हाळाभर किनाऱ्यावर तापलेल्या गाडीचे वायपर जुलैत नुसते कुरकुरतात. हेडलाइटही काळोखात एकदा लावून पाहा.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र कुणीच लिहिलं नाही. पावसाळ्यात रात्री रस्त्याकडेला टॉर्च घेऊन चिखलात वाकलेली माणसं म्हणजे इथे पहिला संशय बेडूक पकडणाऱ्यांचा. 'जंपिंग चिकन' नावाने मांस विकायला बेडूक पकडतात, आणि पहिल्या पावसापासून वनखात्याची गस्त त्यांच्याच मागावर असते. गाडी थांबवून डिकी उघडायला लावली तर चिडू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पकडणंही येतं, त्यामुळे बेडूक उचलून 'चांगल्या' पानावर बसवण्याचा खेळ करू नका. गुन्ह्यात वापरलेलं वाहन सरकारजमा होऊ शकतं, म्हणून गाडीवाल्याला गमतीतसुद्धा शिकारीला चाललो म्हणून सांगू नका. शहाणा असेल तर चावीच देणार नाही. म्हादई अभयारण्य १९९९ साली अधिसूचित झालं, दोनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि सत्तरीतली कित्येक गावं त्याच्या आतच आहेत. हद्द कुठे सुरू झाली ते रस्त्यावर कळत नाही. दिवसा वाळपईतल्या वनखात्याच्या कचेरीत जाऊन कुठे, किती वाजेपर्यंत चालेल ते विचारून घ्या. धबधब्यांवरची बंदीही दरवर्षी लागते-उठते, तेही तिथेच कळेल.

खरं तर रात्री गाडीची गरजच नाही. कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, असलेल्या घरी उतरा, गाडी अंगणात लावा आणि यजमानांना घेऊन बागेतच चालत फिरा. मलबारी चापडा हा विषारी साप आणि उडता बेडूक, दोन्ही अशा ठिकाणी भेटतात. गाडी हळू चालवायची असली तरी पावसाच्या रात्री डांबरावर इतके बेडूक येतात की चाकाखाली येणारच. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी ठेवा आणि सीटवर घरची जुनी चादर टाका, कारण चिखलाच्या सफाईचे पैसे वेगळे लावतात.

शेवटी तुम्ही थार घेऊन दूधसागरला जाता येईल का, हे विचारलंय. नाही. तिथे आपली गाडी नेऊ देत नाहीत, कुळ्याहून जीप संघटनेच्याच जीप जातात आणि पावसाळ्यात त्याही बंद असतात. पण तुमची गोवा एक्सप्रेस ब्रागांझा घाटातून त्याच धबधब्यासमोरून येते. उजेड असला तर खिडकीतून बघून घ्या.