केनियात मका लावायचाय? आधी युगांडाकडे बघा

वाशीच्या दाणा बाजारातलं काम सोडून केनियात किटालेजवळ जमीन खंडाने घ्यावी का, कारण तिथे मक्याला भाव चढा असतो, असं तुम्ही विचारलंय. मी मूळचा ठाण्याचा, आता किटालेजवळच्याच एल्डोरेटला खतं-बियाण्यांच्या धंद्यात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाव चढा असतो, पण का ते बघा. हा भाग उंच आणि थंड. इथला संकरित मका तयार व्हायला सहा-आठ महिने घेतो. मार्च-एप्रिलला पेरणी, ऑक्टोबरनंतर काढणी, वर्षाला एकच पीक. मोंबासा बंदरावरून चढ चढत आलेलं खत, ट्रॅक्टरची नांगरट, लष्करी अळीची फवारणी आणि खंड, सगळं त्या एका पिकातून भागवायचं. पलीकडे युगांडात दोन पावसाळे, दोन पिकं, खत जवळजवळ नाहीच, राबणारी माणसं घरचीच. एकरी उतारा कमी, तरी पोत्यामागे खर्च कमी. शिवाय तिथे बरेच लोक मटोके, म्हणजे शिजवलेली कच्ची केळी खातात. मका बराचसा विकायलाच. त्यांचं पहिलं पीक निघतं जून-ऑगस्टला, नेमकं इथली कोठारं रिकामी असताना. केनिया, युगांडा, टांझानिया वगैरे देशांच्या पूर्व आफ्रिकी समुदायात आपसात आयातकर नाही. त्यामुळे युगांडाचे ट्रक बुसिया-मलाबाच्या सीमानाक्यांवरून, टांझानियाचे नामांगाच्या नाक्यावरून थेट आत. बाहेरच्या मक्यावर 50 टक्के कर असतो खरा, पण तुमची गाठ शेजाऱ्याशी आहे.

त्यात सरकार. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, इथलं रोजचं जेवण, म्हणून मक्याच्या पिठाचं इथे आपल्या कांद्यासारखं होतं. जुलै 2022 मध्ये, मतदानाच्या तोंडावर, दोन किलोचं पाकीट 100 शिलिंगांवर आणलं. त्याआधी मार्च 2021 मध्ये अफ्लाटॉक्सिनचं, म्हणजे दाण्यातल्या बुरशीच्या विषाचं, कारण देऊन शेजाऱ्यांचा मका अडवला आणि काही दिवसांतच अटी घालून सोडलाही. यावर हिशेब कसा बसवणार?

जमिनीचं थोडक्यात: 2010 च्या घटनेनुसार परदेशी माणसाला फक्त भाडेपट्टा मिळतो, तोही फार तर 99 वर्षांचा. शेतजमिनीला जमीन नियंत्रण मंडळाची संमती वेगळी लागते.

माझं ऐकाल तर मका लावू नका, साठवा. तुम्हाला दाणा दाताखाली धरून ओलावा कळतो, ते इथे सोन्यासारखं आहे. सीमेवरून माल पुष्कळदा ओला येतो, आणि मानक म्हणतं ओलावा 13.5 टक्क्यांच्या आत, अफ्लाटॉक्सिन अब्जात 10 भागांच्या आत. वाळवणी, चाळणी आणि कोरडं गोदाम, पैसा आहे तो इथे.

बघायला यायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये या आणि एल्डोरेटच्या आधी बुसिया गाठा. पिवळ्या तापाची लस मात्र निघण्याआधीच घ्या, नाहीतर परतताना मुंबई विमानतळावर अडकवतील.