गाण्यात लपलेला राजकीय अर्थ खरा की ओढूनताणून काढलेला, हे कसं ओळखायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. लोकप्रिय गाण्यांत राजकीय अर्थ खरोखर लपवलेले असतात की लोक ते मागाहून काढतात, ही एक. आणि तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पंधरा ऑगस्टला 'जन गण मन हे पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी लिहिलं' असा मेसेज येतो, त्याला काय उत्तर द्यावं, ही दुसरी. मी ठाण्यात अकरावी-बारावीला मराठी शिकवते. कवितेचा तास सुरू झाला की मुलं हाच विषय काढतात, त्यामुळे यावर बराच विचार झालेला आहे.

लपलेले अर्थ असतात. पण माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की लपवायचं ते कुणापासून? ज्या काळात एखादी गोष्ट उघड बोलली तर खटला, बंदी किंवा मार ठरलेला असतो, त्या काळातल्या गाण्यात दुसरा अर्थ शोधायला जागा असते. जिथे भीती नव्हती आणि कवी तेच म्हणणं दुसरीकडे उघडपणे मांडत होता, तिथे त्याने ते गाण्यात कशाला दडवावं?

'किस्मत' या हिंदी चित्रपटातलं कवी प्रदीप यांचं 'दूर हटो ऐ दुनियावालों' हे गाणं घ्या. चित्रपट आला 1943 च्या जानेवारीत, म्हणजे 'छोडो भारत' चळवळीनंतर काही महिन्यांनीच. नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर नजर. त्या गाण्यात एका ओळीत जर्मन आणि जपानी यांची नावं घेतली आहेत, त्यांच्यापुढे झुकू नका म्हणून. कागदावर ते इंग्रजांच्या युद्धाला धरूनच होतं, कारण त्या वेळी त्यांचे शत्रू तेच. सेन्सॉरला हरकत घ्यायला काही उरलं नाही. थिएटरात बसलेल्या माणसाला मात्र 'दूर हटा' हे कुणाला उद्देशून आहे ते सांगावं लागत नव्हतं. देशात जर्मन किंवा जपानी राज्य करत नव्हते. लपवणारा आहे, ज्याच्यापासून लपवायचं तो आहे आणि ज्याला कळायला हवं त्याला कळलेलंही आहे, असं तिन्ही बाजूंनी जुळणारं हे उदाहरण आहे.

मराठीत याच जातीचं सगळ्यांत ठळक उदाहरण गाण्यातलं नाही, नाटकातलं आहे. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 मध्ये रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, पण कीचक म्हणजे व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे अपमानित देश, सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना पहिल्या अंकातच उमगत होतं. सरकारला ते उमगलं आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. बंदीमुळे अर्थ सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही, कारण सरकारं निरर्थक बंद्याही घालतात. पण इथे प्रत्येक पात्र आपल्या जागी शेवटपर्यंत टिकतं. एका ओळीपुरतं जुळलं आणि पुढे सुटलं, असं होत नाही. माझ्या मते हीच दुसरी कसोटी आहे. अर्थ खरा असेल तर तो अख्ख्या रचनेतून चालत जातो.

आता तुमचा मेसेज. 'जन गण मन' पहिल्यांदा म्हटलं गेलं ते 27 डिसेंबर 1911 रोजी, काँग्रेसच्या कोलकात्यातल्या अधिवेशनात. त्याच महिन्यात दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला होता आणि अधिवेशनात राजाच्या स्वागताचा कार्यक्रमही होता. राजाची स्तुती करणारं एक वेगळं हिंदी गीत तिथे म्हटलं गेलं. काही इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्ही गाण्यांची गल्लत केली आणि ती आजवर फिरते आहे. खुद्द रवींद्रनाथांनी 1937 मध्ये एका पत्रात स्पष्ट केलं की युगानुयुगे भारताचा रथ हाकणारा तो भाग्यविधाता कुठलाही जॉर्ज असू शकत नाही. पण पत्र बाजूला ठेवलं तरी कविता स्वतः उत्तर देते. आपण फक्त पहिलं कडवं म्हणतो. एकूण कडवी पाच आहेत. तिसऱ्यात त्याला 'चिरसारथी' म्हटलंय. चौथ्यात दुःस्वप्नात मांडीवर घेऊन जपणारी 'स्नेहमयी माता' म्हटलंय. इंग्लंडच्या राजाला कुणी आई म्हणेल का? शेवटच्या कडव्यात 'राजेश्वर' हा शब्द आहे आणि मेसेज लिहिणारे तेवढाच उचलतात. तेवढा एक शब्द उचलायचा आणि आधीची चार कडवी सोडून द्यायची, ही लबाडी आहे. ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा पाचही कडवी अर्थासकट टाका.

तारखांचाही फार उपयोग होतो. संत एकनाथांच्या 'दार उघड बया' या भारुडाबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो की सुलतानी अमलात गांजलेल्या महाराष्ट्रासाठी नाथांनी देवीला घातलेली ती साद होती आणि शिवाजी महाराजांच्या रूपाने देवीने दार उघडलं. ऐकायला फार सुंदर आहे. पण एकनाथांचं निधन 1599 चं आणि महाराजांचा जन्म 1630 चा. दुसरा अर्धा भाग नाथांच्या मनात असणं शक्यच नाही, तो पुढच्या पिढ्यांनी आपल्या आनंदाने जोडला. पहिल्या भागाला, म्हणजे अंदाधुंदीतल्या माणसाच्या आकांताला, मी नाही म्हणणार नाही. नाथांच्या भारुडांत दुसरा अर्थ असतोच, विंचू म्हणजे साधा विंचू कधीच नसतो, आणि अशा ऐकण्याची सवय आपल्या कानाला चारशे वर्षांपासून आहे. म्हणूनच 2020 च्या ऑगस्टमध्ये कोरोनामुळे बंद असलेली देवळं उघडा म्हणून भाजपने आंदोलन केलं तेव्हा 'दार उघड उद्धवा दार उघड' ही घोषणा कुणाला समजावून सांगावी लागली नाही. भारुडाचा अर्थ बदलला नव्हता. त्या चालीवर राजकारण बसवलं होतं. हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि नेहमी एकात मिसळले जातात.

आता ज्या गाण्यासाठी मला हे उत्तर लिहावंसं वाटलं, ते सांगते. अण्णा भाऊ साठ्यांची छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, 'माझी मैना गावावर राहिली'. लग्नाच्या बँडवर, शाळेच्या गॅदरिंगला, रीलवर सगळीकडे ती वाजते आणि बहुतेकांच्या लेखी ते विरहाचं गाणं आहे. पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा, मागे राहिलेली देखणी बायको, जिवाची काहिली. माझ्या वर्गात एका मुलीने मोठ्या हुशारीने विचारलं होतं, "मॅडम, मैना म्हणजे महाराष्ट्र असा लपलेला अर्थ काढता येईल का?" तिने गाणं अर्धंच ऐकलं होतं. कारण अण्णा भाऊंनी काहीच लपवलेलं नाही. मैनेच्या वर्णनानंतर मुंबईतली बेकारांची गर्दी येते आणि शेवटाकडे ते सरळ म्हणतात की जी गत माझी आणि मैनेची, तीच या खंडित महाराष्ट्राची. मग गावांची, मुलखाची नावं येतात: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव, ज्यांच्यावर मालकी दुसऱ्यांची झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजात हे गाणं सभेत म्हटलं जायचं तेव्हा लोक शेवटची कडवी ऐकायलाच थांबलेले असत.

यातलं उंबरगाव आपल्या ठाणेकरांनी लक्षात ठेवायला हवं. तो तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली आणि त्याचा भाग गुजरातेत गेला. म्हणजे हे गाणं आपल्याच जिल्ह्याच्या तुटलेल्या तुकड्याबद्दल बोलतं, आणि ठाण्यातल्या मुलांना ते ठाऊक नाही. मी हे सांगितलं तेव्हा डहाणूहून आलेल्या एका मुलाने सांगितलं की त्याच्या आजीचं माहेर उंबरगावचं आहे आणि घरात मराठीच बोलतात. त्या तासाला पुढे काही शिकवणं झालं नाही, सगळा वर्ग त्यालाच प्रश्न विचारत बसला.

मग हा अर्थ 'लपला' कसा? कुणीही लपवला नाही. मागाहून कडवी गळाली. रेकॉर्डिंगला वेळ कमी, कार्यक्रमाला श्रोते वेगळे, बँडवाल्याला सुरुवातीची चाल पुरे. राजकारणाचा भाग शेवटी असतो आणि कात्री शेवटावरच चालते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण अण्णा भाऊंची करामत त्या जोडणीतच आहे. आधी ऐकणाऱ्याच्या घरातलं दुःख उघडं करायचं आणि त्याच दुःखाला नकाशावर नेऊन ठेवायचं. नुसतं प्रेमगीत केलं की गाण्याचा अर्धा जीव जातो. तुम्ही दडलेला अर्थ शोधत असाल तर आधी पूर्ण गाणं मिळवा, छापील. निम्म्या वेळा तिथेच उत्तर सापडतं.

बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांबद्दलही हेच सांगेन. सासू पलीकडच्या खोलीत, पहाटेची वेळ, जात्याची घरघर. तिथे नवऱ्याचं, सासरचं, गरिबीचं बोलणं देवाच्या किंवा भावाच्या आडून येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या संशोधकांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ आहेत. घरातल्या सत्तेपासून लपवणं हेही राजकारणच, असं मी मानते.

याउलट कधी कधी शब्दांत काहीच नसतं आणि तरी गाणं राजकीय होतं. आणीबाणीत 1976 मध्ये किशोर कुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद केली गेली, कारण सरकारी कार्यक्रमासाठी गायला त्याने नकार दिला होता. प्रेमगीतं, विनोदी गाणी, सगळीच थांबली. अशा वेळी ओळी तपासून काही मिळत नाही, रेडिओचं बटण कुणाच्या हातात आहे ते पाहावं लागतं.

आणि जागेमुळेही अर्थ बदलतो. 'मी डोलकर दर्याचा राजा' हे शांता शेळक्यांचं गाणं. त्यात होडी म्हणजे राज्य आणि डोलकर म्हणजे नेता वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते समुद्रावर जगणाऱ्या माणसाच्या मस्तीचं गाणं आहे. पण नवी मुंबईत दिवाळे किंवा सारसोळे गावच्या कोळीवाड्यात हळदीच्या रात्री ते लागतं तेव्हा मला वेगळं ऐकू येतं. खाडीतली मासळी आटलेली, मागे टॉवर. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 साली आली, 95 गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या. जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचे जीव गेले, आणि पुढे जमीन गेलेल्यांसाठी साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तिथल्या माणसाने 'दर्याचा राजा' म्हणणं म्हणजे हक्क सांगणं आहे. हा अर्थ शांताबाईंच्या नावावर मात्र टाकू नये. तो गाणाऱ्याचा आहे, आणि तसं म्हटलं तर पूर्ण खरा आहे.

एक विनंती. दडलेलं शोधण्याच्या नादात उघड म्हटलेलं आपण ऐकत नाही. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका निघतात तेव्हा आमच्या इमारतीत खिडक्या बंद होतात. त्या स्पीकरवर अनेकदा वामनदादा कर्डक असतात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, 1922 ते 2004. बिर्ला, बाटा, टाटा यांची नावं घेऊन 'आमचा वाटा कुठं हाय हो' असं विचारणारा हा कवी. संपत्तीच्या वाटपाबद्दल इतकं थेट मराठी गाणं मला दुसरं माहीत नाही, आणि मुलांना पहिल्या ऐकण्यात ते कळतं. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर वामनदादांच्या गाण्यांपासून करा, त्यानंतर 'माझी मैना' शेवटच्या ओळीपर्यंत. एखाद्या गाण्याबद्दल शंका आली तर शब्द पूर्ण लिहून, साल टाकून इथे विचारा, मला जमेल तेवढं सांगेन.