बॅटरी उतरते म्हणून मोटार बदलावी का?

स. न. वि. वि.

आपल्या पत्रावरून समजलेली परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो. आर्वी तालुक्यात आपली कोरडवाहू शेती आहे आणि कापूस, सोयाबीन व तुरीच्या उत्पन्नातून शेतीखर्च व घरखर्च वजा जाता वर्षाकाठी पावणेदोन लाख रुपये हाती उरतात. 2012 साली नोंदणी झालेली आपली पेट्रोलवरची मोटार दोन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही आणि फ्यूजही अधूनमधून उडतो. बॅटरी दोनदा बदलून झाली. आता वर्ध्याचे वायरिंगवाले संपूर्ण वायरिंग बदलण्याचे 38,000 रुपये सांगतात. मेहुण्यांचा आग्रह मात्र वेगळा आहे: ही गाडी 70,000 रुपयांना काढावी, पीक कर्जातले 80,000 त्यात घालावेत, उरलेल्या 4 लाखांचे वाहन कर्ज काढावे आणि साडेपाच लाखांची वापरलेली गाडी घ्यावी. आईंना तपासणीसाठी सेवाग्रामला न्यावे लागते, त्यामुळे गाडी भरवशाची हवी, हे आपले म्हणणे रास्त आहे.

माझे मत असे की आज यांपैकी कोणताही खर्च करू नये. दोन बॅटऱ्या आणि 38,000 रुपयांचा अंदाज, या सगळ्यांत दोष नेमका कुठे आहे हे कोणी मोजल्याचे आपल्या पत्रात दिसत नाही.

मोजणी अवघड नाही आणि मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली, भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू केल्यावर हा आकडा साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट हवा. तो 12.3 च्या आसपासच घुटमळत असेल, तर बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, त्याचा पट्टा किंवा व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा कट-आउट तपासावा लागेल आणि तिसरी बॅटरीही पहिल्या दोघींच्याच वाटेने जाईल. चार्जिंग ठीक असेल, तर गाडी बंद असताना करंट कुठे जातो ते पाहावे. त्यासाठी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून, अँपिअरवर लावलेला मीटर ती वायर आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये जोडावा, दारे बंद करून अर्धा तास थांबावे आणि या काळात सेल्फ मुळीच मारू नये. 50 मिलिअँपिअरपर्यंतचा करंट चालण्यासारखा असतो. समजा तो अर्धा अँपिअर निघाला, तर 35 अँपिअर-तासांची बॅटरी दीड दिवसात निम्मी होते, आणि आपली दोन दिवसांची तक्रार याच हिशेबात बसते. मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला करंट एकदम खाली येतो, दोष त्याच सर्किटमध्ये असतो.

आपण नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम आणि जादा हॉर्न सर्वांत आधी सोडवून पाहावेत, कारण असे जोड बहुधा मूळ वायर सोलून, वर टेप गुंडाळून केलेले असतात. गाडी कापसाच्या गंजीशेजारी उभी राहते असे आपण लिहिता. तिथे उंदीर असणारच, म्हणून बॉनेटखालच्या आणि डॅशबोर्डमागच्या वायरी कुरतडल्या आहेत का, हे टॉर्च घेऊन नीट बघावे. इंजिन व बॉडीच्या अर्थिंगचे बोल्ट गंजले असतील, तर ते घासून घट्ट करण्यास फारसा खर्च येत नाही. फ्यूज उडतो म्हणून त्याजागी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार मात्र कोणालाही घालू देऊ नका. त्यातून वायर पेटते, आणि आपला विमा फक्त थर्ड पार्टी असल्याने स्वतःची गाडी जळाल्यास एक रुपयाही मिळणार नाही.

आता कर्जाचा हिशेब. 4 लाखांवर 11 टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे 8,697 रुपये येतो. वर्षाचे 1,04,000 रुपयांहून अधिक, म्हणजे आपल्या शिलकीचा निम्म्याहून मोठा भाग. पाच वर्षांत नुसते व्याज 1,21,000 रुपयांच्या पुढे जाते. शिवाय कापूस विकून पैसा दिवाळीनंतर येतो, हप्ता मात्र ऐन पेरणीच्या दिवसांतही भरावा लागतो. पीक कर्जाला तर हात लावूच नये. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे 3 लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडल्यास शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडते. ते गाडीत अडकून थकले की ही सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते.

जुन्या गाडीवरही किती घालायचे, याला मर्यादा हवी. नोंदणीची 15 वर्षे 2027 मध्ये पूर्ण होतील. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये आहे, त्यावर हरित कर आणि तपासणीपूर्वीची किरकोळ कामे येतील. हे धरून विजेच्या दुरुस्तीसाठी मी 15,000 रुपयांची सीमा घालीन. रक्कम दोन हप्त्यांपेक्षा कमी आहे आणि डायनॅमोची दुरुस्ती, कुरतडलेल्या भागापुरती नवी वायर व मजुरी एवढ्यात बसायला हवी. मोजणीअंती खरोखरच संपूर्ण वायरिंग जळालेली किंवा जागोजागी उघडी पडलेली निघाली, तर 70,000 रुपयांच्या गाडीवर 38,000 घालू नयेत. दोष न लपवता, मिळेल त्या किमतीला ती विकावी.

रात्री-बेरात्री आईंची प्रकृती बिघडलीच, तर कोणत्याही गाडीवर विसंबण्याऐवजी 108 क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका बोलवावी. विक्रीची वेळ आली, तर बदली गाडी दिवाळीनंतर, कापसाचे पैसे हाती आल्यावर आणि शक्यतो दीड ते दोन लाखांच्या कर्जातच बघावी. मेहुण्यांनी पसंत केलेली गाडीही व्यवहारापूर्वी एक रात्र उभी ठेवून याच मीटरने तपासावी. विकणारा त्याला तयार नसेल, तर बयाणा देऊ नये.