‘द डिसेंट’च्या शेवटी सारा ज्यूनोला जखमी करून का सोडून जाते?

आपला प्रश्न असा आहे की, नील मार्शल दिग्दर्शित ‘द डिसेंट’ (२००५) या भयपटाच्या अखेरीस सारा आपल्या मैत्रिणीच्या, म्हणजे ज्यूनोच्या पायावर घाव घालून तिला गुहेतील आंधळ्या, शिकारी प्राण्यांच्या पुढ्यात का टाकते. हा सूड ज्यूनोशी असलेल्या नवऱ्याच्या प्रकरणाचा समजावा की बेथ या तिसऱ्या मैत्रिणीच्या मृत्यूचा, आणि त्या प्रकरणाविषयी कोणी उघडपणे बोलतच नसताना साराला ते कळते तरी केव्हा, असेही आपण विचारले आहे. उत्तर देताना शेवट सांगावाच लागणार आहे. त्यामुळे ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी पुढे वाचू नये.

माझ्या मते तो घाव प्रकरणाचाही नाही आणि बेथच्या मृत्यूचाही नाही. शेवटच्या भेटीत सारा एक प्रश्न विचारते आणि ज्यूनो त्याला खोटे उत्तर देते. घाव त्या खोट्या उत्तराचा आहे. मात्र त्या क्षणापर्यंत कोण काय मनात ठेवून वावरत होते, हे पाहिल्याशिवाय माझे म्हणणे पटणार नाही.

सुरुवात स्कॉटलंडमधील नदीवर होते. सारा, ज्यूनो आणि बेथ राफ्टिंग करून परततात. साराचा नवरा पॉल आणि लहान मुलगी जेसिका काठावर वाट पाहत असतात. सारा मुलीत गुंतलेली असताना पॉल आणि ज्यूनो यांच्यात क्षणभर असे काही घडते की ते बेथच्या ध्यानात येते, साराच्या मात्र येत नाही. लगेच पुढच्या प्रसंगात परतीच्या वाटेवर गाडी चालवणारा पॉल हरवल्यासारखा दिसतो, सारा त्याला त्याबद्दल विचारते, आणि तो धड उत्तर देण्याआधीच समोरून येणाऱ्या वाहनाशी टक्कर होऊन नवरा आणि मुलगी दोघेही जातात. म्हणजे साराने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न मिळणे ही गोष्ट चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांतच पेरलेली आहे. रुग्णालयात बेथ तिला कवटाळते. ज्यूनो रडवेल्या चेहऱ्याने दूर निघून जाते. पहिल्यांदा पाहताना ते मैत्रिणीचे दुःख वाटते. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते की त्या माणसासाठी चारचौघांत रडण्याचा हक्कच तिला नव्हता.

ज्यूनोविषयी प्रेक्षक फार लवकर निकाल देऊन मोकळे होतात, असे मला वाटते. वर्षभरानंतर अमेरिकेतील ॲपलाचियन पर्वतात सहा जणी गुहेत उतरतात, तेव्हा ज्यूनो सर्वांना एका परिचित गुहेचे नाव सांगून प्रत्यक्षात जिथे कोणी नोंदवून गेलेले नाही अशा गुहेत नेते. आपल्याकडे सह्याद्रीत भटकणारी साधी मंडळीसुद्धा कोणत्या गडावर आणि कोणत्या वाटेने जाणार हे पायथ्याच्या गावात किंवा घरी सांगून निघतात. ज्यूनो ते जाणूनबुजून टाळते, आणि मागची वाट कोसळल्यावर शोधायला कोणी येणार नाही हे उघड होते. यात नाव कमावण्याची हाव आहेच. पण या गुहेला साराचे नाव द्यावे अशीही तिची कल्पना आहे, आणि तो तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. जी क्षमा तिला तोंडाने मागता येत नाही, ती एक प्रचंड भेट देऊन परस्पर मिळवण्याचा हा प्रयत्न आहे. त्या अपघातात आपण सगळ्यांनीच काहीतरी गमावले, असे ती एका ठिकाणी बोलून जाते. कबुलीच्या इतक्या जवळ ती संपूर्ण चित्रपटात पुन्हा येत नाही.

बेथचे मौन निराळे आहे. तिला माहीत आहे, आणि मैत्रिणीला आणखी दुःख नको म्हणून ती गप्प आहे. अरुंद बोगद्यात सारा अडकते, तिचा श्वास कोंडतो, तेव्हा बेथ मागे सरपटत येऊन तिच्याशी बोलत राहते, तिला हसवू पाहते, आणि सर्वांत वाईट जे घडायचे ते तुझ्या बाबतीत घडून गेले आहे अशा अर्थाचे काही सांगून तिला धीर देते. चित्रपटातील हा सर्वांत मायेचा प्रसंग आहे, यात शंका नाही. तरीही हे वाक्य बेथच्या तोंडी यावे यात मोठा विरोधाभास आहे, कारण साराच्या बाबतीत आणखी एक वाईट गोष्ट घडून गेलेली आहे आणि ती केवळ तिलाच ठाऊक नाही, हे बेथ जाणते. त्यानंतर काही क्षणांतच बोगदा ढासळतो.

इथे चित्रीकरणाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. या गुहा खऱ्या नाहीत. त्या इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत उभारलेल्या होत्या. परंतु आत गेल्यानंतर पडद्यावरचा उजेड प्रामुख्याने पात्रांनी सोबत नेलेल्या साधनांचाच वाटतो: शिरस्त्राणावरचे दिवे, लाल फ्लेअर, हिरव्या चमकत्या कांड्या, व्हिडिओ कॅमेऱ्याची रात्रदृष्टी. परिणामी कोणाचाही चेहरा पूर्ण आणि स्थिर असा क्वचितच दिसतो. जमिनीवर असताना बेथला एका नजरेतून सगळे कळले होते; खाली मात्र नजरेचा उपयोग संपतो. त्यात ते प्राणी आंधळे असून आवाजावर शिकार करतात, त्यामुळे बोलणेही जिवावर बेतते. ज्या बायकांनी वर्षभर स्वतःहून मौन पाळले, त्यांच्यावर आता मौनाची सक्ती होते, आणि जे सांगायचे राहिले आहे ते सांगण्याची सोयच उरत नाही. प्राणी चित्रपट बराच पुढे सरकल्यावर येतात, तोवर आपण केवळ दगड, पाणी आणि अंधार यांनीच घाबरलेले असतो. दिग्दर्शकाची ही सबुरी मला प्राण्यांच्या हल्ल्यांपेक्षा अधिक प्रभावी वाटते.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. हल्ला सुरू झाल्यावर ज्यूनो जिवाच्या आकांताने लढत असते आणि मागून आलेल्या बेथच्या मानेत तिच्या हातची गिर्यारोहणाची कुदळ घुसते. हा निव्वळ अपघात आहे. अक्षम्य आहे ते त्यानंतरचे: मरणाच्या दारात असलेल्या बेथला तिथेच टाकून ती निघून जाते. कोसळताना बेथच्या मुठीत ज्यूनोच्या गळ्यातले लॉकेट आलेले असते, आणि त्यावर पॉलचे आवडते वाक्य कोरलेले असते. पुढे सारा बेथपाशी पोहोचते, तेव्हा ज्यूनोने काय केले हे बेथ सांगते आणि ते लॉकेट तिच्या हाती देते. आपल्या प्रश्नातील ‘केव्हा’चे उत्तर हे आहे. प्रकरण होते असे सरळ शब्दांत सांगितले जात नाही. परंतु नवऱ्याचे खास वाक्य दुसरीच्या गळ्यात सापडल्यावर कोणत्या बाईला आणखी खुलासा लागेल? त्यानंतर बेथच्याच विनवणीवरून सारा दगडाने तिच्या यातना संपवते. मैत्रिणीला त्या अवस्थेत टाकून न जाता स्वतःच्या हाताने तिला मुक्ती देणे हे काम ज्यूनो करू शकली नव्हती. सारा करते, आणि तिथून तिची वागणूकच पालटते.

दरम्यान ज्यूनोला बाहेर जाण्याच्या वाटेवरील जुन्या खुणा सापडलेल्या असतात. तरीही साराला घेतल्याशिवाय मी जाणार नाही, असे ती उरलेल्या दोघींना निक्षून सांगते. केवळ दुष्ट पात्राला लेखक अशी जागा देत नाही. बेथला सोडल्याची भरपाई साराला वाचवून करता येईल, असा तिचा मनोमन हिशेब असावा, असे मला वाटते.

अखेर दोघी समोरासमोर येतात. बेथला मरताना तू पाहिलेस का, असे सारा विचारते. उत्तर तिला आधीच ठाऊक आहे. हा प्रश्न माहितीसाठी विचारलेला नाही, ज्यूनोला दिलेली ती शेवटची संधी आहे. ज्यूनो होकारार्थी मान हलवते. तिथे ती रडून सगळे सांगती, तर साराने काय केले असते हे सांगता येत नाही. पण चित्रपटाने शब्दांत मांडलेला सवाल एवढाच आहे आणि त्याचे उत्तर खोटे आहे. त्यानंतरही दोघी खांद्याला खांदा लावून प्राण्यांशी लढतात, आणि मगच सारा ते लॉकेट तिच्यासमोर धरते. एकही आरोप नाही, एकही शिवी नाही. घावसुद्धा छातीवर नाही, पायावर आहे: तू बेथला जसे टाकलेस, तसेच मी तुला टाकते, एवढा त्याचा अर्थ आहे. मी याला न्याय म्हणणार नाही. शिक्षा गुन्ह्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि ते साराच्या चेहऱ्यावरून कळते.

शेवटाविषयी एक सूचना. २००६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत सारा बाहेर पडते, गाडी पळवते, आणि शेजारच्या आसनावर रक्ताळलेली ज्यूनो दिसून दचकते, तिथेच चित्रपट थांबतो. मूळ ब्रिटिश आवृत्तीत ती त्यानंतर गुहेतच जागी होते, म्हणजे सुटका हा भासच ठरतो. मूळ शेवट पाहावा, कारण बाहेर पडल्याचे स्वप्न पाहतानाही ज्यूनोला मागे ठेवणे साराला जमत नाही, हे त्यातच स्पष्ट होते. २००९ चा दुसरा भाग सारा वाचली असे धरून पुढे जातो आणि ज्यूनोलाही जिवंत परत आणतो. मला तो अनावश्यक वाटला, कारण पहिल्या भागाने जे अनुत्तरित ठेवले होते ते त्यात चक्क मिटवून टाकले आहे. पुन्हा पाहणार असाल, तर त्याऐवजी पहिला भागच पाहावा, आणि या वेळी लक्ष सारावर न ठेवता बेथवर ठेवावे.