१२ वर्षांच्या मुलीला ट्विन ब्लॉक लावला तर जबड्याची वाढ बिघडते का?

बिघडत नाही. ट्विन ब्लॉक म्हणजे खालचा जबडा पुढे घ्यायला लावणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या दोन प्लेटा. उलट वाढ चालू आहे तोवरच तो लावायचा असतो. दात पुढे, हनुवटी मागे, आणि सासूबाई म्हणतात "अजून लहान आहे, थांबा", असं तुम्ही लिहिलंय. या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका.

माझ्या लेकीचे वरचे दात खालच्यांच्या ९ मिलिमीटर पुढे होते, ओठ मिटायचेच नाहीत. ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात-जबडा सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ती साडेअकराची. सोबत थोरल्या जाऊबाई. डॉक्टरांनी चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला, त्यात मानेचे मणके किती पक्व झालेत ते पाहिलं आणि मला विचारलं, "पाळी सुरू झाली का?" जाऊबाई जिन्यातच सुरू झाल्या. दातांच्या डॉक्टरला कशाला हव्यात या चौकशा? "आधी शहाणी होऊ दे तिला. कोवळ्या हाडाशी खेळ नको. तारा काय, कॉलेजात गेल्यावरही लागतात."

लागतात ना. पण तारांनी दात हलतात, जबडा वाढत नाही. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती बहुधा पाळी येण्याच्या आधी, आणि खालचा जबडाही साधारण तेव्हाच जोर धरतो. "शहाणी होऊ दे" म्हणत बसलं की नेमका तोच काळ हातचा जातो. माझा गेला. १९व्या वर्षी माहेरी तारा लागल्या, वरचे दोन दात काढून पुढचे मागे घेतले. दात सरळ झाले, हनुवटी होती तिथेच राहिली. आता ऑपरेशनशिवाय ती पुढे येणार नाही, हे तेव्हाच ऐकलं होतं. जाऊबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग तुझं काय अडलं? लग्न झालंच ना!" त्यानंतर मी घरात कोणाला विचारलं नाही, सरळ दातांची मापं द्यायला गेले.

ट्विन ब्लॉक स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये काढला. वर एक प्लेट, खाली एक, दोन्हींवर तिरके ठोकळे; तोंड मिटायचं तर खालचा जबडा पुढे घ्यावाच लागतो. जेवतानाही घालायचा. सुरुवातीला लेक बोबडं बोलायची, लाळ गळायची, मऊ वरणभाताशिवाय काही खाईना. जाऊबाई तिच्या तोंडावर "बिचारी गं" म्हणायच्या, की ती प्लेट काढून डबीत ठेवायची. शेवटी मी बजावलं, हिच्या तोंडाबद्दल या घरात कोणी बोलायचं नाही. मग घालायला लागली. वर्षाच्या आत ओठ मिटायला लागले. पुढे तारा लागल्याच. तुमच्या मुलीलाही बहुतेक लागतील.

एक मात्र आधीच माहीत असू द्या. जो फरक दिसतो त्यातला मोठा वाटा दात सरकल्याचाच असतो. जबड्याची जास्तीची वाढ एखाद-दोन मिलिमीटर, आणि ती कितपत टिकते यावर तज्ज्ञांत वाद आहेत. ८-९व्या वर्षी घाई करूनही शेवटी जबड्यात विशेष फरक पडत नाही, हे अमेरिका आणि ब्रिटनमधल्या चाचण्यांत दिसलंय. मात्र पुढे आलेले दात पडझडीत दुखावण्याचा धोका कमी होतो. खालचा जबडाच पुढे असलेल्या मुलांचं गणित निराळं, त्यांना फेसमास्क (वरचा जबडा पुढे ओढणारी, चेहऱ्यावर लावायची पट्टी) लावायचा तर १० वर्षांच्या आत बरा.

जाऊबाई अजून म्हणतात, "वयात आल्यावर चेहरा आपोआप भरतो, उगाच पैसे घातलेस." वाढीत खालचा जबडा थोडा पुढे येतो, कबूल. पण ९ मिलिमीटर आपोआप भरून निघत नाहीत.

तुमच्या मुलीची पाळी सुरू झाली असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा, कधी सुरू झाली तेही सांगा. झाली असली तरी थोडी वाढ बाकी असते, पण मग पुढची अपॉइंटमेंट परीक्षा संपल्यावरची घेऊ नका.