संक्रांत कधी १४ तर कधी १५ जानेवारीला का येते?

कारण सूर्याचा मकर राशीतला प्रवेश दरवर्षी साधारण सहा तास नऊ मिनिटं उशिरा होतो. लीप वर्षातला जादा दिवस ही वेळ मागे खेचतो, पण पुरती नाही. सरासरी ७२ वर्षांत सण एक दिवस पुढे जातो. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३! शिवाय प्रवेश रात्री उशिरा झाला तर पुण्यकाल दुसऱ्या दिवशी धरतात, सुगडंही तेव्हाच पुजतात. पंचांगात संक्रांतीच्या पानावर प्रवेशाची वेळ तास-मिनिटांत दिलेली असते, तीच बघावी. मात्र दिवस मोठा व्हायला लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. त्याचा या तारखेशी आता संबंध उरलेला नाही.