मे महिन्यात सात-आठ मित्रमैत्रिणींना पुण्यात एक दिवस धमाल करायची आहे. प्लॅन कसा करावा?

सगळ्यात आधी, दुचाक्या घरी ठेवा. पेठांमध्ये पार्किंग शोधण्यातच अर्धा ग्रुप गळतो. मेट्रोने मंडई किंवा स्वारगेट गाठा.

सकाळी साडेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी भेटा. 'सातपर्यंत येतो' म्हणणाऱ्याला सहाची वेळ सांगा. शंभरेक पायऱ्या आहेत. ऊन तापायच्या आत खाली उतरलात की थेट मिसळ. रविवार असेल तर आठ जणांना एक टेबल मिळेल ही आशा सोडा, चार-चार बसा.

खरा प्रश्न दुपारचा. मॉल सुचवणारे भेटतील, पण मी राजा केळकर संग्रहालय म्हणेन. दहाला उघडतं, मंडईपासून चालत जाता येतं. बाजीरावाने कोथरूडला बांधलेला मस्तानी महाल इथे आणून पुन्हा उभारलाय, पण आमचा ग्रुप रेंगाळतो तो अडकित्त्यांपाशी. सुपारी कातरायचं एवढंसं हत्यार, त्यालाही माणसांचे, पशुपक्ष्यांचे आकार! दिव्यांचं दालनही चुकवू नका.

मग सदाशिव पेठेत मस्तानी, प्यायची. आंबा सोडून दुसरी मागवणाऱ्याशी मे महिन्यात वाद घालायला हरकत नाही. आईस्क्रीमचा गोळा विरघळायच्या आत चमच्याने खा, उरलेलं घोटघोट.

तीन ते साडेपाच कुणाच्या तरी घरी पंख्याखाली पत्ते. संध्याकाळी सारसबाग, भेळ. पैसे दिवसभर एकानेच भरा आणि हिशोब भेळ खातानाच मिटवा; 'उद्या पाठवतो'चे पैसे दिवाळीला येतात.